आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी लेक. पंडिता रमाबाईंना मरणापलीकडच्या जीवनाची आशा कुठे मिळाली?

पंडिता रमाबाई म्हटलं की संस्कृत विद्वत्ता आणि केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. पण या 'मुक्ती' शब्दामागे मृत्यूची एक लांबलचक रांग आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करायचे. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि काही महिन्यांतच वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला चौथा माणूस मिळेना. मग किशोरवयीन रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी पडल्याने त्यांनी तिरडीचं ते टोक डोक्यावर घेतलं.

1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती.

तोवर रमाबाईंनी शास्त्रं वाचली होती. पण बाईला बाई म्हणून मोक्षाचा थेट मार्ग नाही, पतीची भक्ती हाच तिचा आधार, असाच अर्थ त्यांना तिथे सापडला, हे त्यांनी पुढे लिहून ठेवलं. मग जिचा पतीच गेला, तिने काय करायचं?

इंग्लंडमध्ये त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचला. समाजाने बाजूला टाकलेल्या एका शोमरोनी बाईला येशू तिथे सार्वकालिक जीवनाबद्दल सांगतो. 1883 मध्ये रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती श्रद्धेत सार्वकालिक जीवन म्हणजे पुनर्जन्म नव्हे. येशू मरणातून उठला, तसेच त्याच्यावर विश्वास ठेवणारेही उठतील आणि देवाच्या सहवासात कायम राहतील, अशी ही आशा आहे. त्यासाठी जात, लिंग किंवा सौभाग्य आड येत नाही. पण ही आशा शोकाला मनाई करत नाही. लाजर हा मित्र गेल्यावर येशू स्वतः रडला, हेही योहानाच्याच शुभवर्तमानात आहे.

मरणानंतरच्या आशेवर विसंबून रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. 1896-97 च्या दुष्काळात, स्वतः भूक सोसलेल्या या बाईने शेकडो मुलींना उपासमारीतून आणून आसरा दिला.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. तीच आईच्या कामाची मुख्य आधार होती. रमाबाई तेव्हा 63 वर्षांच्या होत्या आणि मूळ हिब्रू व ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्याचं त्यांचं काम चालूच होतं. 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. ते भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

ज्या पुस्तकात त्यांना ही आशा सापडली, ते त्यांनी साध्या वाचकाला कळेल अशा मराठीत मागे ठेवलं.