तुंकू अब्दुल रहमान

मलायाच्या उत्तर टोकाला, सयामच्या सीमेला लागून केदाह नावाचे एक लहानसे संस्थान होते. या संस्थानाचे सुलतान अब्दुल हमीद हलीम शहा यांच्या पोटी ८ फेब्रुवारी १९०३ रोजी अलोर सेतार या राजधानीत एक पुत्र जन्माला आला. तोच पुढे स्वतंत्र मलायाचा पहिला पंतप्रधान झाला. ‘तुंकू’ हा मलय भाषेत राजकुमारासाठी वापरला जाणारा शब्द. अब्दुल रहमान यांच्या बाबतीत मात्र तो जणू त्यांचे नावच होऊन बसला. मलेशियात आजही नुसते ‘तुंकू’ म्हटले, तरी ते कोणाविषयी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

सुलतानाला अनेक पुत्र होते आणि गादीवर बसण्याचा योग तुंकूंच्या वाट्याला येण्याची शक्यता फारशी नव्हती. त्यामुळे त्यांचे बालपण राजपुत्राच्या मानाने बरेच मोकळे गेले. खेळावर त्यांचे मन लहानपणीच जडले. काही काळ बँकॉकला आणि नंतर पिनांग येथील शाळेत त्यांनी शिक्षण घेतले. पुढे केदाह संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले आणि १९२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे पदवीधर झाले. ते हुशार विद्यार्थी म्हणून गाजले असे मात्र म्हणता येणार नाही. वेगाने मोटार हाकणे आणि मित्रांचा गोतावळा जमवणे यांतच त्यांचे बरेच दिवस जात. बॅरिस्टरची परीक्षा तर त्यांना अनेक वर्षे हुलकावणी देत राहिली. ती पूर्ण होऊन १९४९ मध्ये ते बॅरिस्टर झाले, तेव्हा त्यांचे वय शेहेचाळीस वर्षांचे होते.

मधल्या काळात त्यांनी केदाहच्या प्रशासनात नोकरी केली. कुआला नेरांग या जंगलाने वेढलेल्या भागात ते अधिकारी असताना त्यांची पत्नी मरियम मलेरियाने दगावली. गावाभोवतीच्या दलदलीचा निचरा करण्यासाठी त्यांनी मागितलेला पैसा सरकारने पूर्वी नाकारला होता. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी पुन्हा मागणी लावून धरली आणि ते काम करवून घेतले. साध्या शेतकऱ्यांच्या झोपडीत जाऊन बसणारा हा राजपुत्र वरिष्ठांना विचित्र वाटे. पुढे निवडणुकीच्या काळात खेड्यापाड्यांतील माणसांनी त्यांच्यावर जो विश्वास टाकला, त्याचे मूळ या नोकरीच्या वर्षांत शोधावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मलायात स्वातंत्र्याची मागणी जोर धरू लागली. परंतु स्वतंत्र होणारा देश कोणाचा, हा प्रश्न अवघड होता. मलय, चिनी आणि भारतीय असे तीन मोठे समाज तेथे शेजारी शेजारी राहत असले, तरी त्यांची भाषा, धर्म, व्यवसाय आणि शाळा वेगवेगळ्या होत्या. १९५१ मध्ये तुंकू मलय समाजाच्या ‘उम्नो’ या पक्षाचे अध्यक्ष झाले. त्यांनी चिनी आणि भारतीय समाजांच्या पक्षांशी युती केली. १९५५ च्या निवडणुकीत या युतीने ५२ पैकी ५१ जागा जिंकल्या. पुढच्याच वर्षी लंडनला जाऊन त्यांनी स्वातंत्र्याचा करार पदरात पाडून घेतला. करारावर सह्या झाल्या तो दिवस ८ फेब्रुवारी, म्हणजे त्यांचा वाढदिवस होता.

३१ ऑगस्ट १९५७ रोजी क्वालालंपूर येथे, खास या प्रसंगासाठी बांधलेल्या क्रीडांगणात, तुंकूंनी हात उंचावून ‘मर्देका’ म्हणजे स्वातंत्र्य हा शब्द सात वेळा उच्चारला आणि हजारो कंठांतून त्याचा प्रतिध्वनी उमटला. नव्या राष्ट्राचा जन्म एखाद्या राजवाड्यात न होता खेळाच्या मैदानात झाला, ही गोष्ट तुंकूंच्या स्वभावाला साजेशीच म्हणावी लागेल. त्याच वर्षी ‘मर्देका’ नावाची फुटबॉल स्पर्धाही सुरू झाली. आशियातील अनेक देशांचे संघ तिच्यासाठी क्वालालंपूरला येऊ लागले. भारतीय संघाने १९५९ आणि १९६४ मध्ये या स्पर्धेत उपविजेतेपद मिळवले.

पंतप्रधानपदाची धुरा वाहत असतानाच १९५८ मध्ये तुंकू आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले. महासंघाची स्थापना १९५४ मध्ये मनिला येथे झाली होती. प्रौढ खेळाडूंना आशियाई क्रीडास्पर्धेचे आणि आशिया चषकाचे मैदान उपलब्ध होते. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला परदेशी संघाशी खेळण्याची संधी क्वचितच मिळे. थेट मोठ्या संघात गेल्यावरच त्याची परदेशी खेळाडूंशी गाठ पडे आणि तोवर शिकण्याचे वय बरेचसे निघून गेलेले असे. तुंकूंच्या अध्यक्षपदाच्या काळात ही उणीव भरून निघाली. १९५९ मध्ये क्वालालंपूर येथे पहिली आशियाई युवा फुटबॉल स्पर्धा भरली. पहिली दोन्ही विजेतेपदे दक्षिण कोरियाने पटकावली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे ही स्पर्धा दरवर्षी होत राहिली.

त्या काळी अंतिम सामना बरोबरीत सुटला, तर दोन्ही संघांना संयुक्त विजेते ठरवण्याची रीत होती. १९६१ मध्ये बँकॉकला इंडोनेशिया आणि ब्रह्मदेश असे संयुक्त विजेते ठरले. ब्रह्मदेशाने तर साठच्या दशकात या स्पर्धेवर आपली छापच उमटवली. आज आशियाई फुटबॉलमध्ये त्या देशाचे नाव फारसे ऐकू येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवे. भारताच्या वाट्यालाही असाच मान आला. १९७४ मध्ये बँकॉक येथे, अरुण घोष यांच्या मार्गदर्शनाखाली आणि शब्बीर अली यांच्या नेतृत्वाखाली खेळणाऱ्या भारतीय युवकांनी अंतिम सामन्यात इराणला २-२ असे बरोबरीत रोखले आणि विजेतेपद वाटून घेतले.

भारताशी तुंकूंचा संबंध केवळ फुटबॉलपुरता नव्हता. १९६२ मध्ये चीनने भारतावर आक्रमण केले, तेव्हा त्यांनी उघडपणे भारताची बाजू घेतली आणि मदतीसाठी आपल्या देशात निधी उभारला. मोठ्या संख्येने चिनी समाज असलेल्या देशाच्या पंतप्रधानाने असे करणे सोपे नव्हते. त्याआधी १९६१ मध्ये राष्ट्रकुल परिषदेत त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाविरुद्ध ठाम भूमिका घेतली होती.

१९६३ मध्ये मलाया, सिंगापूर, सबाह आणि सारावाक मिळून मलेशिया हा देश निर्माण झाला. पण दोनच वर्षांत, ९ ऑगस्ट १९६५ रोजी, सिंगापूर त्यातून वेगळे झाले. त्याहून मोठा घाव बसला तो १३ मे १९६९ रोजी. निवडणुकीनंतर क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी समाजांत भीषण दंगल उसळली. सरकारी आकड्यांनुसार १९६ माणसे मृत्युमुखी पडली. तीन समाजांना एका पंगतीला बसवण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याच्या डोळ्यांसमोर राजधानीतील घरे जळत होती. त्यांच्याच पक्षातील तरुण त्यांना दोष देऊ लागले. चिनी समाजाला त्यांनी फार सवलती दिल्या, असा त्यांचा आक्षेप होता. सर्वांचा स्नेह मिळवणाऱ्या या माणसाला समाजांच्या मनात साचलेला असंतोष वेळीच कळला नाही, हेही खरे. २२ सप्टेंबर १९७० रोजी तुंकूंनी पंतप्रधानपद सोडले.

फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे १९७७ पर्यंत राहिले. योगायोग असा की, त्याच वर्षी ट्युनिशियात पहिली जागतिक युवा फुटबॉल स्पर्धा भरली आणि आशियातून इराण व इराक हे संघ तेथे गेले. तेव्हापासून आशियाई युवा स्पर्धेचे स्वरूप पालटले. पूर्वी ती जिंकण्यासाठी खेळली जाई, आता ती जगाच्या मैदानावर जाण्याचे दारही झाली. १९८१ मध्ये कतारसारख्या चिमुकल्या देशाच्या युवकांनी जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली.

उतारवयात तुंकू पिनांगला राहत आणि ‘द स्टार’ या दैनिकात सदर लिहीत. सत्ताधाऱ्यांवर टीका करताना त्यांनी आपल्या जुन्या पक्षाचाही मुलाहिजा ठेवला नाही. १९८७ मध्ये सरकारने त्या दैनिकाचा परवाना काही महिने रद्द केला. ६ डिसेंबर १९९० रोजी क्वालालंपूर येथे तुंकूंचे निधन झाले. राष्ट्रीय नेत्यांसाठी राजधानीत स्वतंत्र दफनभूमी होती, पण त्यांना केदाहला नेण्यात आले आणि अलोर सेतारजवळील लांगार येथे, राजघराण्याच्या दफनभूमीत, पूर्वजांच्या शेजारी त्यांचे दफन झाले.