डिझेल गाडी सकाळी का थरथरते? रुडॉल्फ डिझेलची गोष्ट वाचा, कारण सापडेल

डिसेंबरात निफाडसारख्या ठिकाणी भल्या पहाटे एखादी जुनी डिझेल गाडी सुरू होताना बघा. स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरतो. मग इंजिन धडधडत उठतं, स्टिअरिंग थरथरतं, मागून पांढरट धूर निघतो, आणि मिनिट-दोन मिनिटांत सगळं शांत. ग्लो प्लग बदला, एवढं एका ओळीतलं उत्तर तुम्हाला कुठेही मिळेल. कधी ते बरोबर असतं, कधी उगाच खर्च होतो. मला वाटतं, ज्याच्या आडनावावरून डिझेल हा शब्द आला त्या माणसाने नेमकं काय केलं हे कळलं, की ही थरथर समजायला फार सोपी जाते.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील जर्मन, बव्हेरियातले. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर, घरची परिस्थिती बेताची. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. १२ वर्षांच्या रुडॉल्फला तिथून ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. पोरगा हुशार निघाला, म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत पोचला आणि १८८० मध्ये उत्तम गुणांनी पास झाला.

म्युनिकला त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे. हो, बर्फ आणि शीतकरणाच्या यंत्रांवाले लिंडे. वाफेच्या इंजिनात कोळशाची जवळजवळ ९० टक्के उष्णता वाया जाते, हे त्याने त्यांच्या वर्गात ऐकलं आणि ते डोक्यातून गेलंच नाही. पुढची काही वर्षं लिंडेंच्याच बर्फाच्या व्यवसायात नोकरी, १८८३ मध्ये मार्थाशी लग्न, तीन मुलं. मधल्या काळात अमोनियाच्या इंजिनाचा एक फसलेला प्रयोगही झाला.

मग मूळ कल्पना आली. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हे तुम्ही हाताने अनुभवलं असेल. हवा दाबली की तापते. डिझेलने विचार केला, हवा इतकी दाबायची की तिच्यात इंधन सोडताच ते आपोआप पेटलं पाहिजे. ठिणगी नको, ज्योत नको. २३ फेब्रुवारी १८९३ ला त्याला याचं जर्मन पेटंट मिळालं.

आता आपल्या गाडीकडे या. आजचं डिझेल इंजिन हवेला साधारण १६ ते १८ पट दाबतं आणि ती हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. पण रात्रभर गार पडलेलं लोखंड ही उष्णता खातं. बॅटरी मरगळलेली असेल तर इंजिन हळू फिरतं, दाबायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात रिंगांमधून हवा निसटते आणि उष्णता आणखी पळते. चारपैकी एका सिलिंडरमध्ये हवा पुरेशी तापली नाही, तर तिथलं डिझेल नीट पेटत नाही. तीन सिलिंडर ढकलतात, चौथा नुसता ओझं होतो. ही झाली थरथर. न जळलेलं डिझेल बाहेर पडतं, तो पांढरा धूर.

म्हणजे बिघाड कुठलाही असो, प्रश्न एकच: कोणत्या सिलिंडरमध्ये उष्णता, दाब किंवा इंधन कमी पडतंय?

हा प्रश्न डिझेल स्वतः चार वर्षं सोडवत होता. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने त्याला जागा दिली, क्रुप कंपनीने पैसा घातला. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. सुमारे ३ मीटर उंच लोखंडी खांबच तो, बाहेरून कारखान्याच्या पट्ट्याने फिरवलेला. इंधन पेटलं आणि दाब इतका चढला की तो मोजणारं यंत्र, इंडिकेटर, फुटून त्याचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात वाचला. पण तो खूश होता, कारण ठिणगीशिवाय इंधन पेटतं हे सिद्ध झालं होतं. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चाललं, जेमतेम एक मिनिट, मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या वेगाने. ते किती धडधडलं असेल याची कल्पना करा!

मला त्याच्या कामातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो इंडिकेटर. सिलिंडरमधला दाब तो कागदावर रेघ मारून दाखवायचा. इंधन लवकर पेटलं, उशिरा पेटलं, पेटलंच नाही, सगळं त्या रेघेत दिसायचं. अंदाजाने भाग बदलत बसण्याऐवजी डिझेल ती रेघ वाचायचा.

आज ते काम तुमचा मोबाईल बऱ्यापैकी करतो. ब्लूटूथचं ओबीडी अडॅप्टर घ्या, अ‍ॅप जोडा आणि गाडी पूर्ण गार असताना सुरू करून आरपीएम आणि कूलंटचं तापमान बघा. काही गाड्यांत इंजेक्टर करेक्शनचे आकडेही दिसतात. आयडलिंगला कोणता सिलिंडर कमी ढकलतोय हे इंजिनाचा कॉम्प्युटर ओळखतो आणि तिथे इंधन वाढवतो, तोच हा आकडा. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल, तर शोध तिथून सुरू करायचा. (साध्या अ‍ॅपमध्ये हे आकडे नसतात, गॅरेजच्या स्कॅनरवर मिळतात.)

थरथर फक्त गार असताना येऊन मिनिटभरात जात असेल तर आधी ग्लो प्लग तपासा. हा प्लग हवेला वरून उष्णता देतो, आणि नव्या इंजिनांत गाडी सुरू झाल्यावरही थोडा वेळ तापलेला राहतो. मल्टिमीटरवर चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स अगदी कमी, बहुधा एक-दोन ओहमच्या आत येतो. जळालेला प्लग जोडणीच दाखवत नाही. पण आपल्याकडच्या कोमट सकाळी धडधाकट कॉमन रेल इंजिनाला ग्लो प्लगची फारशी गरज पडत नाही. त्यामुळे प्लग ठीक असून भर मे महिन्यातही गाडी थरथरत असेल, तर रात्रभर ठिबकणारा इंजेक्टर किंवा घटलेलं कॉम्प्रेशन, इकडे बघायला हवं. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर डिझेलच्या पाइपात हवा शिरतेय का ते पाहा. आणि आरपीएमची सुई स्थिर, इंजिन गरम, तरी केबिन हलतेय? मग बहुतेक इंजिन माउंटचं रबर गेलंय, जळणाशी त्याचा संबंध नाही.

एक काम नक्की करा: पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ काढा, सुई आणि धूर दोन्ही दिसतील असा. गाडी चालवत गॅरेजला नेईपर्यंत इंजिन तापतं आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

डिझेलकडे परत जाऊ. १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी त्याच्या सुधारलेल्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. कार्यक्षमता निघाली २६.२ टक्के. जग अवाक झालं, परवाने घ्यायला कंपन्यांची रांग लागली, माणूस करोडपती झाला. पण माझ्या मते इथेच घाई झाली. चाचणीतलं इंजिन आणि रोज राबणारं इंजिन यांत फरक असतो. पहिलं विकलेलं इंजिन १८९८ मध्ये केम्प्टनच्या एका कारखान्यात बसलं (काडी न लागणारं इंजिन गेलं कुठे, तर काडेपेटीच्या कारखान्यात!) आणि त्याने भरपूर त्रास दिला. तक्रारी, पेटंटचे वाद, स्वतःच्या नावाचा बुडालेला कारखाना, या सगळ्यात डिझेलची तब्येत ढासळली आणि त्याला उपचारांसाठी दाखल व्हावं लागलं.

इंजिन मात्र सावरलं. जहाजांत, वीजघरांत गेलं. मोटारीत मावत नव्हतं, कारण इंधन आत फुंकायला मोठा कॉम्प्रेसर लागायचा. तो अडथळा बॉशच्या इंजेक्शन पंपाने १९२७ च्या सुमारास दूर केला आणि १९३६ मध्ये मर्सिडीज २६० डी ही कार आली. आपल्या शेतकऱ्यांच्या विहिरींवर पाणी उपसणारी किर्लोस्करांची ऑइल इंजिनंही याच तत्त्वावर चालायची.

हे बघायला डिझेल नव्हता. फसलेल्या गुंतवणुकींनी त्याची संपत्ती संपली होती, हे त्याने घरच्यांपासूनही लपवलं. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबत्यांबरोबर जेवला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी बिछाना न वापरलेला होता, टोपी आणि ओव्हरकोट डेकवर. खून झाला, गुप्तहेरांनी मारलं, अशा कथा अजून फिरतात. मला कर्जाचं कारण जास्त पटतं, पण पुरावा कशालाच नाही. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्यात गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू आणि चष्म्याचं घर होतं. मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं ओळखलं.