गोव्याचे वैद्य गार्सिया द ऑर्टा आणि अफूची गोष्ट



नाताळच्या फराळात अनारशांवर जी खसखस लावतो, ती अफूच्याच झाडाची. झाडाचे बोंड हिरवे असताना त्याला चिरा दिल्या की पांढरा चीक पाझरतो. तो वाळला की झाली अफू. बोंड पिकून वाळले की आतले बी आपल्या डब्यात येते, आणि त्यात नशा यावी असे काही नसते. एकाच झाडाची ही दोन रूपे.

आज हा विषय घेण्याचे कारण असे की, घरभेटींना जातो तेव्हा काही घरांतून एकच प्रश्न आमच्या कानी येतो. मुलगा शिकलेला आहे, बोलायला-चालायला चांगला आहे, मग ती खोकल्याच्या औषधाची बाटली, त्या दुखण्यावरच्या गोळ्या त्याच्याने सुटत का नाहीत? आई रडते, वडील चिडतात, शेजारी नावे ठेवतात. या प्रश्नाकडे साडेचारशे वर्षांपूर्वी एका वैद्याने आपल्याच दख्खनमध्ये डोळे उघडे ठेवून पाहिले होते. त्यांचे नाव गार्सिया द ऑर्टा.

ऑर्टा यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यू लोकांना हाकलून दिले, तेव्हा ते पोर्तुगालला आले, आणि तिथे १४९७ मध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिला गेला. अशा घराण्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशयाची नजर असे. हे लक्षात ठेवावे, शेवटी त्याचा संबंध येणार आहे. गार्सिया सालामांका आणि आल्काला येथे वैद्यक शिकले, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागले, आणि १५३४ मध्ये मार्तिं आफोन्सो द सोझा या सरदाराचे वैद्य म्हणून जहाजाने गोव्याला आले. पुन्हा मायदेशी गेलेच नाहीत.

गोव्यात त्यांचा दवाखाना उत्तम चालला. गव्हर्नर, व्हाइसरॉय त्यांच्याकडून औषध घेत. पण आपल्याला जवळचा वाटेल असा त्यांचा रुग्ण म्हणजे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा. सोलापूरच्या किल्ल्याशी या राजाचा फार जुना संबंध. १५२४ मध्ये विजापूरच्या आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिच्याशी त्याचे लग्न झाले ते सोलापुरात, आणि हुंड्यात सोलापूर देण्याचे ठरले होते. ते मिळाले नाही म्हणून लढाया जुंपल्या. या राजाकडे ऑर्टा घाट चढून येत, त्याच्या दरबारातील मुसलमान हकिमांशी औषधांवर वाद घालत. मुंबई बेटही पुढे ऑर्टांकडे पट्ट्याने होते. तिथे त्यांचा वाडा आणि बाग होती, आणि बागेत वर्षातून दोनदा फळ देणारा एक आंबा होता, असे ते मोठ्या कौतुकाने लिहितात.

१५६३ मध्ये गोव्यात त्यांचे पुस्तक छापून निघाले. हिंदुस्थानातील वनस्पती आणि औषधांवरचे हे संवाद लॅटिनमध्ये नव्हे, तर साध्या पोर्तुगीजमध्ये आहेत. छापण्याची कला गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. पुस्तकात रुआनो नावाचा एक काल्पनिक डॉक्टर प्रश्न विचारतो आणि ऑर्टा उत्तरे देतात. रुआनो युरोपच्या जुन्या ग्रंथांचे दाखले देतो, ऑर्टा मात्र आपण स्वतः काय पाहिले ते सांगतात. आम्हांला त्यांचा हाच गुण सगळ्यांत मोठा वाटतो.

अफूच्या प्रकरणात ते निजामशहाच्या एका चिटणिसाची हकीकत देतात. हा गृहस्थ खुरासानचा, विद्वान, लिहिण्यात तरबेज. रोज तीन तोळे अफू खात असे! आजच्या मापाने सुमारे ३५ ग्रॅम. न सवयीच्या माणसाचा त्याच्या लहानशा भागानेही जीव जाईल. तो सदा पेंगलेला असे. पण कोणी कामाचे विचारले की शहाण्यासारखा, नीट बोले. हे वाचताना आम्ही थांबलो. ऑर्टा यांनी त्या माणसाला मूर्खही ठरवले नाही आणि दुष्टही. बुद्धी शाबूत आहे आणि तरी माणूस अडकलेला आहे, ही गोष्ट त्यांनी जशी दिसली तशी लिहून ठेवली. अफूने पौरुष वाढते हा बाजारातला समजही त्यांनी खोडला. उलट ते घटते, असे त्यांचे मत. आजचे डॉक्टरही तेच सांगतात.

भांगेबद्दल त्यांनी आपल्या नोकरांना विचारले. कामाचा शीण कळत नाही, मन खूष राहते, भूक लागते, असे नोकर म्हणाले. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तर सोझांना सांगितले होते की, रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान, इराण असे कुठेही जावेसे वाटले तर थोडी भांग घेतली की झाले. पण ऑर्टा दुसरी बाजूही सांगतात. घाटावर त्यांच्या सोबत एक पोर्तुगीज विदूषक होता. त्याने भांगेचा माजून खाल्ला, थोडा वेळ मजेत बरळला, आणि मग ओक्साबोक्शी रडू लागला. लोकांना हसवणे हाच ज्याचा धंदा, त्याची ही गत. धोतऱ्याचेही तसेच. चोर तो जेवणात घालीत आणि खाणारा हसत हसत आपले दागिने दुसऱ्याच्या हाती देई. ही भूल एक दिवसभर टिके.

अफू सुटत का नाही, याचे उत्तर ऑर्टांनंतर १५७८ मध्ये पुस्तक छापणारे दुसरे वैद्य, क्रिस्तोव्हाओ द कोस्टा, यांच्या एका आठवणीत सापडते. जहाजावर काही तुर्क आणि अरब कैदी होते. त्यांची लपवलेली अफू संपली आणि ते मरायला टेकले. कोस्टा यांनी त्यांना दारू देऊन कसेबसे सावरले, आणि काही आठवड्यांनी त्यांना ना दारू लागली ना अफू. (दारूचा हा उपाय आज कोणी करू नये!)

आज आपल्याला कारण ठाऊक आहे. १९ व्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन अफूतलेच, हेरॉइन मॉर्फिनपासूनच बनते, आणि ट्रामाडॉल कारखान्यात बनत असले तरी काम त्याच पद्धतीने करते. वेदना शमवण्यासाठी शरीर स्वतःच असे पदार्थ थोडे थोडे बनवत असते. बाहेरून रोज मिळू लागले की मेंदू त्यावर विसंबतो, आणि तोच परिणाम यायला मात्रा वाढवावी लागते. एकदम बंद केले की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, पोटात मुरडा, अंगावर काटा, रात्र रात्र झोप नाही. मुलगा नाटक करतो असे घरच्यांना वाटते, पण हे नाटक नसते. मात्रा जास्त झाली की श्वास मंद होत होत थांबतो. आणि एक गोष्ट आयांनी ध्यानात ठेवावी. महिनाभर सोडलेल्याने पुन्हा पूर्वीचीच मात्रा घेतली तर तीच जीवघेणी ठरते, कारण शरीराची सवय गेलेली असते. म्हणून कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे देऊन हे करता येते. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फोन केल्यास कुठे जायचे ते सांगतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन दिले तर व्यसन लागेल म्हणून घाबरू नये. अशा रुग्णांसाठीच १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये बदल करून ते मिळणे सोपे केले गेले. ट्रामाडॉल मात्र २०१८ पासून त्याच कायद्याखाली आले आहे.

इथे चीनमधील संत मार्क जी तियानशियांग यांची आठवण होते. तेही वैद्य. पोटदुखीवर अफू घेतली आणि तीच जडली. खरा पश्चात्ताप नाही असे समजून पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्यांना क्षमा नाकारली. सुमारे ३० वर्षे ते ख्रिस्तप्रसादाविना राहिले, पण मंदिरात येणे सोडले नाही. १९०० च्या बॉक्सर बंडात कुटुंबासह त्यांना ठार केले गेले. आपल्यापैकी कोणी एकटा मरू नये म्हणून त्यांनी आपल्याला शेवटी मारण्याची विनंती केली होती. १ ऑक्टोबर २००० रोजी ते संत घोषित झाले.

ऑर्टा यांचा शेवट मात्र सांगायला जड जाते. पण आपल्याच ख्रिस्तसभेचा इतिहास आहे म्हणून गाळणे बरोबर नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायपीठ, सुरू झाले. ऑर्टा १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ऑर्टांचीही हाडे थडग्यातून उकरून जाळली. ज्या वैद्याने अफूबाज चिटणिसाकडे निवाडा न करता पाहिले, त्याचा निवाडा मेल्यावरही चुकला नाही. धर्माच्या नावाने झालेल्या अशा कृत्यांबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये देवाची क्षमा मागितली.

पुस्तक मात्र जळाले नाही. १५६७ मध्येच क्लुसियस नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापला होता आणि तो युरोपभर गेला. जुन्या गोव्याला जाताना पणजीत उतरलात तर इम्मॅक्युलेट कन्सेप्शन चर्चजवळची सार्वजनिक बाग पाहा. तिला गार्सिया द ऑर्टा यांचे नाव आहे.