बाबा आमटे यांनी टोचून घेतलेले जंतू

बाबा आमटे यांच्यावरचा निबंध आपल्याकडे दरवर्षी लिहिला जातो. जन्म, शिक्षण, आनंदवन, पुरस्कार, निधन, एवढ्या पाच परिच्छेदांत बाबा संपतात. त्यात एक वाक्य हमखास असतं, की बाबांनी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले. मुलं ते पाठ करतात आणि पुढे जातात. एखादं चौकस पोर मात्र विचारतंच, की मग त्यांना रोग का नाही झाला? आजचा पाठ त्या पोरासाठी.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे झाला. घर जमीनदाराचं, लाड भरपूर. लहानपणापासूनच घरात सगळे त्यांना 'बाबा' म्हणायचे. तरुणपणी शिकारीला बंदूक होती, फिरायला मोटार होती, सिनेमाचं वेड होतं. नागपूरला वकिली शिकून त्यांनी वरोऱ्यात जम बसवला. १९४२ च्या चळवळीत पकडल्या गेलेल्यांच्या बचावासाठी त्यांनी वकील जमवले आणि स्वतःही तुरुंग पाहिला. एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांना ते रेल्वेत एकटे भिडले. ते कळल्यावर गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' हे नाव दिलं. १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी त्यांचं लग्न झालं. याच पुढे साधनाताई. वरोऱ्याच्या नगरपालिकेत पदावर असताना सफाई कामगारांचं दुःख समजावं म्हणून बाबांनी डोक्यावरून मैला वाहिला.

असा हा माणूस एके दिवशी भ्यायला. पावसात रस्त्याच्या कडेला त्यांना तुळशीराम दिसला. हातापायांची बोटं झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा तिथून पळाले. मुलांना हा प्रसंग सांगताना आपण 'पळाले' हा शब्द गाळतो. गाळू नये. तो गाळला की पुढचं काहीच समजत नाही. गोऱ्या शिपायांना न भिणारा माणूस एका मरणाऱ्या माणसाला भ्यायला, हे बाबांना स्वतःलाच सहन झालं नाही. ते परत आले, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही, पण बाबांचं उरलेलं आयुष्य तिथून ठरलं.

१९४९ मध्ये ते कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. डॉक्टर नसलेल्या वकिलाने तिथे जाणं ही त्या काळात नवलाचीच गोष्ट होती. त्या वेळची संशोधकांची अडचण आपण आधी लक्षात घेतली पाहिजे. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्येच शोधला होता. पण हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. तेव्हा नाही आणि आजही नाही. त्याला जिवंत पेशीच लागते. उंदराच्या पंजात तो वाढवण्याची रीत १९६० मध्ये सापडली आणि आर्माडिलो नावाच्या प्राण्याचा उपयोग १९७१ मध्ये कळला. त्याआधी औषध तपासायचं तर कशावर? प्रयोगासाठी माणूस हवा होता. बाबा पुढे झाले आणि त्यांनी जंतू टोचून घेतले. वरोऱ्यात वाट पाहणारं कुटुंब होतं, हे विसरू नका.

बाबांना कुष्ठरोग झाला नाही. प्रयोगाच्या दृष्टीने हे अपयशच, कारण जंतू वाढलेच नाहीत.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या शरीरात महाभक्षक पेशी असतात. बाहेरचा जंतू दिसला की त्या त्याला गिळतात आणि पोटात जिरवून टाकतात. वर्गात आपण त्यांना शरीराचे पोलीस म्हणतो, ते ठीकच आहे. पण काही जंतूंनी या पोलिसांवरच मात करायचे उपाय शोधलेत. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगचंच घ्या. दहावीच्या मुलांना प्लाझ्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं, एवढं माहीत असतं. प्लेगच्या जंतूकडे अशा एका कड्यावर अख्खं शस्त्रागार आहे. त्यातून तयार होणाऱ्या सूक्ष्म सुईने तो महाभक्षक पेशीत प्रथिनं टोचतो आणि तिला लुळी करतो. ते कडं काढून घेतलं, तर प्लेगचा जंतू जवळजवळ निरुपद्रवी होतो.

कुष्ठरोगाच्या जंतूकडे असं कडंच नाही. त्याची जनुकं २००१ मध्ये पूर्ण वाचली गेली, तेव्हा दिसलं की त्याच्याकडे कामाची जनुकं जेमतेम १,६०० उरलीत. त्याच्याच कुळातल्या क्षयाच्या जंतूकडे सुमारे ४,००० आहेत. बाकीची मोडकळीस आलेली, पडक्या वाड्याच्या भिंतींसारखी. हा जंतू लढत नाही, दडून बसतो. महाभक्षक पेशीने गिळलं तरी तिच्या आतच मुक्काम ठोकतो. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. इतर कित्येक जंतूंना तासभरही लागत नाही. मेणासारख्या जाड आवरणामुळे त्याचा निभाव लागतो. पण महाभक्षक पेशींना इतर पेशींकडून योग्य इशारा मिळाला, की त्या जाग्या होतात आणि त्याला संपवतात. शंभरातल्या सुमारे ९५ जणांच्या शरीरात हा इशारा वेळेवर मिळतो. बाबा त्या ९५ मधले निघाले. सुई टोचून घेताना हे त्यांना ठाऊक नव्हतं.

उरलेल्यांमध्ये जंतू त्वचेखालच्या मज्जातंतूंत शिरतो. संवेदना जाते. चुलीवरचं भांडं उचलताना चटका कळत नाही, पायात काटा मोडला तरी कळत नाही. जखमा चिघळत जातात आणि बोटं आखूड होतात. रोगाने बोटं गळून पडतात हा गैरसमज आहे. मुलांना हे जरूर सांगा, कारण घरात त्यांनी उलटंच ऐकलेलं असतं.

कलकत्त्याहून परतल्यावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबांनी आनंदवन वसवायला घेतलं. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते सुरुवात झाली. सोबत साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. विंचू-सापांच्या त्या माळावर आधी विहीर खणली. बोटं नसलेल्या हातांनी शेती पिकवली. पण भाजी तयार झाली तेव्हा वरोऱ्यात ती घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं! जंतूचा पराभव अंगात झाला होता, बाजारात व्हायचा होता. परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तिथलंच जेवले, इमारती बांधल्या. तेव्हा कुठे गावाची भीड चेपली. पुढे आनंदवनातच कॉलेज निघालं आणि ज्या गावाला भाजी नको होती त्या गावची पोरं तिथे शिकायला जाऊ लागली. बाबांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते.

१९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, माडिया गोंडांसाठी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. पाठीच्या कण्याच्या आजाराने बाबांना बसता येईना. ते उभे राहत किंवा आडवे होत. त्याच अवस्थेत १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रेवर निघाले. मॅगसेसे पुरस्कार त्याच वर्षीचा.

आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभरात बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तरी चंद्रपूर-गडचिरोलीत नवे रुग्ण अजून सापडतात, त्यांत मुलंही असतात. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, एवढी खूण शिक्षकाला माहीत असली तरी पुरे. पालकांना एकांतात सांगावं, वर्गात नाही.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच बाबांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना चिता दिली नाही. आनंदवनाच्या मातीतच पुरलं.