शुक्रावरील जोशी विवर

मुलांनो, सूर्यास्तानंतर टेंभुर्णीच्या पश्चिमेस कधी कधी एक तेजस्वी चांदणी झळकताना तुम्ही पाहिली असेल. तो शुक्र होय. त्या शुक्रावरील एका स्थळास एका मराठी स्त्रीचे नाव आहे.

आकाशातील नावे वाटेल त्याने वाटेल तशी द्यावयाची नसतात. लघुग्रहाचे नाव त्याचा शोध लावणाऱ्याने सुचवावे व ज्योतिर्विदांच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्यास संमती द्यावी, असा परिपाठ आहे. १८०१ मध्ये सापडलेल्या पहिल्या लघुग्रहास 'सेरेस' या धान्यदेवतेचे नाव मिळाले. शुक्राची रीत निराळी. आपण त्यास दैत्यगुरू म्हणतो. पाश्चात्त्यांनी मात्र त्यास देवी मानले. म्हणून त्याच्यावरील मोठ्या विवरांना, म्हणजे अशनी आदळून पडलेल्या खळग्यांना, कीर्तिमान दिवंगत स्त्रियांचीच नावे देतात.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जन्मली. नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि यमुनेची आनंदी झाली. पत्नीने शिकावे, हा गोपाळरावांचा ध्यास. त्याचा जाचही तिला कमी झाला नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. तो दहाच दिवस जगला. आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी, हे त्या दुःखातून त्यांच्या मनाने घेतले.

१८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, पतीस मागे ठेवून त्या कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात कडाक्याची थंडी व ढासळती प्रकृती यांच्याशी झगडत त्यांनी अभ्यास पुरा केला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयास बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरचे काम हाती घेणे राहूनच गेले.

शुक्र सदैव दाट ढगांनी झाकलेला असतो. दुर्बिणीतूनही त्याची भूमी दिसत नाही. १९९० साली तेथे पोहोचलेल्या 'मॅगेलन' यानाने रडारच्या लहरींनी तिचा सविस्तर नकाशा काढला. त्या नकाशातील सुमारे ३४ किलोमीटर रुंदीच्या एका विवराचे नाव 'जोशी'. टेंभुर्णीहून इंदापूर जेवढे दूर, त्याहूनही ते रुंद आहे. यमुना म्हणावे की आनंदी, हा प्रश्न येथे उद्भवला नाही. माहेरी व सासरी त्या जोशीच होत्या. त्याच ग्रहावर 'मेधावी' नावाचे विवर आहे. ते पंडिता रमाबाईंचे सासरचे नाव.