नारायण मेघाजी लोखंडे आणि कामाची मोजणी

मानसशास्त्राच्या अभ्यासात आम्हांस एक प्रश्नावली आहे. हॅकमन व ओल्डहॅम या अमेरिकन अभ्यासकांची, १९७५ सालची. कामातील वैविध्य, पूर्णता, महत्त्व, स्वायत्तता आणि आपले काम कसे झाले याची माहिती, या पाच गोष्टींना कामगाराने एक ते सात गुण द्यावयाचे. पहिल्या तिहींची सरासरी काढून तिला उरलेल्या दोहोंनी गुणावयाचे. फार तर ३४३ येतात. आमच्या लासुर्ण्याच्या शिवारात, कालव्याच्या पाण्यावरच्या उसात, फडावर राबणारी माणसे पाहिली की हा आकडा मला अपुरा वाटतो. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, रात्री-अपरात्री भरायची गाडी, यांतले काहीच त्या गुणाकारात बसत नाही. मग कामगाराला काय विचारावे, हे ठरवायचे कोणी? येथे मला रावबहादूर लोखंडे आठवतात.

त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. शिक्षण बेताचेच. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून ते मुंबईस मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे दिसलेले हाल त्यांना स्वस्थ बसू देईनात. ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र त्यांनी चालविले.

१८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. १८८४ साली सरकारने कमिशन नेमले, तेव्हा लोखंड्यांनी परळला सभा भरवून ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पंधरा तारखेच्या आत मागल्या महिन्याचा पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. कोणी न विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे होती! माझ्या मते आपल्याकडील कामाची खरी मोजणी येथून सुरू होते.

१८९० च्या कमिशनवर तर ते स्वतःच सभासद होते. आता विचारणारांच्या बाजूला आपला माणूस बसला. त्याच वर्षी १० जूनला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कायद्याने मिळाला. दुखापतीच्या भरपाईला १९२३ उजाडावे लागले, पगाराच्या मुदतीला १९३६. ते पाहायला लोखंडे नव्हते. मुंबईच्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांनाही लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले.