नावाची अमानत : डॉ. सलीम अली

दिव्य कुरआननुसार अल्लाहने आदम (अलै.) यांना सर्व वस्तूंची नावे शिकविली (सूरह अल्-बकरा, आयत 31). नाव ही ज्ञानाची पहिली पायरी होय. ती पायरी आयुष्यभर जपणारा एक मुस्लिम संशोधक महाराष्ट्रात होऊन गेला.

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. बालपणीच माता-पित्याचे छत्र हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. एके दिवशी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे पाठविले. ती रानचिमणी निघाली. तिच्या शास्त्रीय नावातील ‘झँथोकोलिस’ या शब्दाचा अर्थच पिवळ्या गळ्याची असा आहे. शास्त्रात प्रत्येक जीवाला दोन शब्दांचे नाव असते : पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा त्या जातीचा. भाषा बदलली, तरी ही ओळख बदलत नाही.

विद्यापीठाची पदवी नसल्याने सलीम अलींना नोकरी मिळेना. तेव्हा केवळ प्रवास व मुक्कामाच्या खर्चावर, वेतनाविना, त्यांनी पक्षी-सर्वेक्षणे पत्करली. 1931 मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाचे काम हाती घेतले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पत्नी तहमीना छावणीत सोबत असत. पुढे रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडी ग्रंथ सिद्ध केला. 1976 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. 20 जून 1987 रोजी ते निवर्तले.

चुकीचे नाव किती अन्याय करते, हे एका वटवाघळाने दाखविले. 1948 मध्ये दक्षिणेतील डोंगरात सापडलेला त्याचा नमुना मुंबईच्या संग्रहात एका सामान्य जातीच्या नावाने चोवीस वर्षे पडून होता. 1972 मध्ये थायलंडच्या थाँगलाँग्या यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा जातच नव्हे, तर प्रजातीही नवी ठरली. त्या जातीला सलीम अलींचे नाव देण्यात आले.

पंखांनी उडणारे पक्षीही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे कुरआन सांगतो (सूरह अल्-अनआम, आयत 38). नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी मुलांना नेल्यावर पाणकावळा कोणता, बगळा कोणता, हे त्यांना विचारावे. उत्तर न आल्यास जाणत्याकडे पाठवावे. एका मामाने तेवढेच केले होते.